कॅमेऱ्यातून रंगाचा रिफ्लेक्टन्स काढतोय, पण निळा शून्याच्या खाली जातोय

निळी_शाई:

मंडळी, दोन महिने झाले एका भानगडीत अडकलोय आणि आता हात टेकले म्हणून इथे विचारतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी फावल्या वेळात एक छोटा प्रोग्राम लिहितोय, दोन-तीन ॲक्रिलिक रंग कुठल्या प्रमाणात मिसळले तर काय रंग होईल ते स्क्रीनवर दाखवणारा. नुसती आरजीबीची सरासरी काढली की निळा अधिक पिवळा म्हणजे मळकट राखाडी येतो, हिरवा येतच नाही, हे ज्यांनी करून बघितलंय त्यांना माहीत असेलच. म्हणून कुबेल्का-मुंक वापरायचं ठरवलं, म्हणजे रंग किती प्रकाश शोषतो आणि किती विखुरतो त्यावरून मिश्रणाचा रंग काढायचं गणित. त्याला प्रत्येक रंगाचा रिफ्लेक्टन्स लागतो, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर दर १० नॅनोमीटरला किती टक्के प्रकाश परत येतो ते, एकूण ३१ आकडे. माझ्याकडे ४८ ट्यूबा आहेत आणि हे मोजायचं मशीन नाही. कॅमेरा आहे आणि २४ चौकोनांचा कलर चार्ट आहे, त्या चार्टच्या चौकोनांचे ३१-३१ आकडे तक्त्यात मिळाले.

मग मी काय केलं, चार्टचा फोटो काढला, प्रत्येक चौकोनाचे आर, जी, बी घेतले आणि प्रत्येक तरंगलांबीसाठी लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असे, तीन गुणक काढले. ३१ गुणिले ३ चं मॅट्रिक्स तयार. कुठल्याही रंगाचे तीन आकडे त्यात घातले की ३१ आकडे बाहेर. चार्टवरच तपासलं तर सरासरी चूक ०.०२ च्या आसपास. मी खूश!

आणि मग थॅलो ब्लूची, म्हणजे एका गडद पारदर्शक निळ्याची, पट्टी घातली आणि पोपट झाला. ५९० ते ६४० मध्ये कर्व्ह सरळ शून्याखाली. उणे रिफ्लेक्टन्स म्हणजे काय, पृष्ठभाग माझ्याकडून प्रकाश उसना घेतोय का? ते आकडे मी ०.०१ ला अडवले तर पिवळ्याबरोबर मिसळून जवळजवळ काळा हिरवा येतो. ०.०४ ला अडवले तर छान ताजा हिरवा. रंग तोच, ट्यूब तीच, मी मनाला येईल तिथे अडवतोय आणि उत्तर बदलतंय. ह्याला मोजमाप म्हणायचं का?

नेमकं कुठे घोडं पेंड खातंय? मॅट्रिक्सऐवजी वर्ग आणि गुणाकाराची पदं घालून बघू का? आणि एका मित्राच्या लॅबमध्ये हातात धरायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, तो एक दुपार वापरायला देतोय. एका दुपारीत ४८ रंग होतील का, आणि काय काळजी घ्यायची?

उगाचच:

फोटो जेपीईजी आहेत की रॉ, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे? जेपीईजी असेल तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही, त्यात कॅमेऱ्याने आधीच आपल्या मनाने कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स, गॅमा सगळं घालून ठेवलेलं असतं.

निळी_शाई:

रॉच आहेत हो, डार्क फ्रेमही (लेन्स झाकून काढलेला काळा फोटो) वजा केली. तेवढं वाचलं होतं.

लोलक:

तुमच्या कोडमध्ये बग नाहीये. बग असता तर बरं झालं असतं, सापडला असता.

मॅट्रिक्सकडे जरा असं बघा. त्याला तीन स्तंभ आहेत, प्रत्येक स्तंभ म्हणजे ३१ आकड्यांची एक रेघ. तुम्ही लाल टोमॅटो दाखवा, पान दाखवा, थॅलो ब्लू दाखवा, बाहेर येणारी रेघ ह्याच तीन रेघांची बेरीज-वजाबाकी असणार. चौथी रेघ त्याला येतच नाही. म्हणजे तुमच्या ४८ ट्यूबांचे ४८ कर्व्ह हे त्याच तीन रेघांचे अवतार आहेत. थॅलो ब्लू निळ्यात वर असतो आणि ५८० नंतर जमिनीला चिकटून सपाट चालतो. तीन मऊ रेघांच्या बेरजेतून असा सपाट तळ निघत नाही, मग लीस्ट स्क्वेअर्स बिचारं निळा भाग वर उचलायला जातं आणि त्या नादात लालमधला भाग शून्याखाली ढकलतं.

वर्ग-गुणाकाराची पदं घातलीत तर कर्व्हला वळायला जागा मिळेल हे खरं, पण माहिती वाढत नाही. आत तीनच आकडे येतायत. शिवाय २४ चौकोनांवर दहा पदं बसवलीत तर चार्टवरची चूक अजून कमी होईल, तुम्ही अजून खूश व्हाल आणि चार्टबाहेरचा पहिला रंग आला की परत आपटाल. अजून एक, वर्गाची पदं घातली की एक्स्पोजर जरा बदललं तरी कर्व्हचा आकार बदलतो, नुसता वरखाली होत नाही. ही गोष्ट लोक विसरतात आणि मग आठवडाभर डोक्याचा भुगा.

जुनी गोष्ट आहे ही सगळी. १९६४ मध्ये जोझेफ कोहेनने मन्सेलच्या, म्हणजे रंगांच्या एका प्रमाण संग्रहातल्या, १५० रंगपट्ट्यांचे कर्व्ह घेऊन त्यांचे मुख्य घटक, म्हणजे ज्यांच्या बेरजेतून बाकीचे कर्व्ह उभे राहतात अशा मूळ रेघा, काढले आणि दाखवलं की मोजक्या तीन-चार घटकांत ९९ टक्क्यांच्या वर फरक मावतो. तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की तीन आकडे पुरे. १९८९ मध्ये पार्किनेन आणि मंडळींनी १२५७ मन्सेल पट्ट्या मोजल्या, तर सगळ्या पट्ट्या नीट परत उभ्या करायला आठपर्यंत घटक लागले. ९९ टक्के हा आकडा फसवा आहे, कारण तो मोठ्या चढउतारांचा हिशोब आहे. तुमची सगळी गंमत उरलेल्या १ टक्क्यात आहे.

का ते बघा. कुबेल्का-मुंकमध्ये तुम्ही रिफ्लेक्टन्सचं (आर) के बाय एस, म्हणजे शोषण भागिले विखुरणं, करता, सूत्र असं, १ मधून आर वजा, त्याचा वर्ग, भागिले २ आर. आता आकडे घाला:

आर ०.०१ असेल तर ४९.
आर ०.०२ असेल तर २४.
आर ०.०४ असेल तर ११.५.
आणि आर ०.५० असेल तर ०.२५, ०.५२ असेल तर ०.२२.

वर अर्ध्यात २ टक्क्यांनी चुकलात तर कुणाला कळणारही नाही. तळाला तेच २ टक्के चुकलात तर के बाय एस दुप्पट किंवा निम्मा. तुमची सरासरी चूक ०.०२ आहे म्हणालात, आणि मिश्रणाचा रंग नेमका निळ्याच्या तळाशी ठरतो, कारण पिवळा ५२० च्या पुढे सगळं परत पाठवतो आणि त्यातलं काय शिल्लक ठेवायचं ते निळा ठरवतो. म्हणून तुमचा हिरवा कधी काळा कधी ताजा.

तर करायचं काय. एक, चार्टवर शिकवू नका, तुमच्या स्वतःच्या रंगांवर शिकवा. तो चार्ट १९७६ चा, त्यातले काही चौकोन माणसाची कातडी, आकाश, पान, फुलं ह्यांसारखे दिसावेत म्हणून बनवलेत आणि सहा तर नुसते करडे आहेत. त्यात थॅलो ब्लूसारखं काहीच नाही. कॅमेऱ्याचे तीन आकडे प्रश्नाच्या एका छोट्या भागाचं उत्तर देतात, उरलेलं उत्तर तुम्ही ज्यावर शिकवलं त्यातून येतं. कातडी आणि आकाशावर शिकवलं तर ते तुमच्या ट्यूबांना कातडी आणि आकाशच समजणार. एक दुपार मशीन मिळतंय ना? मग दुपारीचं सोनं करा.

दोन, रिफ्लेक्टन्सवर थेट फिट करू नका. आधी के बाय एसच्या लॉगमध्ये न्या, तिथे फिट करा, परत या. शून्याखाली जाणं आणि १ च्या वर जाणं आपोआप बंद होतं आणि तळाच्या चुकांना योग्य वजन मिळतं. फक्त हे करताना तळाचा कॅमेऱ्याचा नॉइजही (आकड्यांतला गोंगाट) फुगतो हे ध्यानात ठेवा.

तीन, वीनर एस्टिमेशन वाचा. तुमच्याच लीस्ट स्क्वेअर्सचा शहाणा भाऊ आहे. त्यात दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात, तुमच्या प्रकारचे कर्व्ह साधारण कसे एकमेकांबरोबर वरखाली होतात आणि कॅमेऱ्यात नॉइज किती आहे. मग गोंगाटावर ते उगाच विश्वास ठेवत नाही. पण तेही तीनच आकड्यांवर चालतं, चमत्काराची अपेक्षा नको.

निळी_शाई:

लोलक, के बाय एसचे आकडे बघून डोळे उघडले. मी इतके दिवस सरासरी चूक बघून खूश होत होतो. ते तळाचं मी स्वतःच गणित करून बघायला हवं होतं.

पण एक शंका, कॅमेरा तळाशी खोटं बोलतोय असंही असू शकतं ना? माझ्या पट्ट्या मी पांढऱ्या टेबलावर ठेवून फोटो काढलेत.

लोलक:

बोलतोय तर! पांढऱ्या टेबलावरचा प्रकाश लेन्समध्ये इकडेतिकडे आपटून गडद पट्टीवर सांडतो. एक-दोन टक्के सहज. आणि तुम्हाला तिथे मोजायचंय दोन-चार टक्के. काळं कापड घाला, पट्टीच्या जवळ पांढरं काही ठेवू नका, आणि पट्टी ज्या जागी ठेवता त्याच जागी एक सपाट पांढरा पृष्ठभाग ठेवून फोटो घ्या आणि त्याने भागा, म्हणजे दिव्याचा उजेड कडेला कमी पडतो तोही निघून जाईल. पांढरा म्हणून प्रिंटरचा कागद नको, त्यात निळसर चमक आणणारं ब्राइटनर असतं, ते अतिनील प्रकाश खातं आणि ४४० च्या आसपास बाहेर टाकतं, दिव्यात अतिनील असेल तर कागद निळ्यात १०० टक्क्यांच्या वर जातो. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप बरेच थर देऊन घट्ट बसवली तर कामचलाऊ पांढरा म्हणून छान चालते, महागड्या पांढऱ्या ठोकळ्यांतही सिंटर्ड टेफ्लॉनच असतं आणि ते दृश्य प्रकाशात ९९ टक्के परत देतं. फक्त टेपचे थर पातळ राहिले तर मागचं दिसतं.

पाटीपेन्सिल:

मशीनच्या दुपारीबद्दल मी लिहिते, रोज हेच काम करते. वरचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं तरी चालेल, मोजणं नीट झालं नाही तर कुठलंही गणित कामाचं नाही.

सगळ्यात आधी मशीनची भूमिती विचारा. दोन प्रकार असतात. एकात दिवा ४५ अंशांतून येतो आणि मशीन सरळ वरून बघतं, त्यात चकाकी जवळजवळ बाहेरच राहते. दुसऱ्यात आतून पांढरा असलेला गोळा असतो, प्रकाश सगळीकडून पडतो आणि ८ अंशांतून बघतात, त्यात चकाकी धरायची की सोडायची ते बटणावर ठरतं. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर काच जशी ४ टक्के परत पाठवते तसाच हाही साधारण ४ टक्के वरच्या वर परत पाठवतो, रंगाच्या आत न जाता. म्हणजे चकाकी धरून मोजलंत तर थॅलो ब्लूच्या तळाला ५ टक्के दिसतील, त्यातले ४ नुसती चकाकी. वर लोलकने जो घोळ दाखवला तो इथेच होऊ शकतो. कुबेल्का-मुंकला आतला रंग हवाय, वरची चकाकी नकोय, त्यासाठी १९४२ ची सॉंडर्सनची दुरुस्ती आहे, ती वापरा. पण वापरताना मशीन चकाकी धरतंय की सोडतंय हे माहीत हवं, नाहीतर दोनदा वजा होईल आणि परत शून्याखाली!

मग रंगाची पट्टी. अर्धं काळं अर्धं पांढरं कार्ड घ्या आणि त्यावर रंग ओढा. दोन्हीकडे एकच वाचन आलं तर रंग मागचं झाकतोय. थॅलो ब्लू आणि क्विनॅक्रिडोनसारखे पारदर्शक रंग एका हातात झाकणार नाहीत, थर वाढवा. आणि वाळू द्या! ओला ॲक्रिलिक दुधट दिसतो आणि वाळला की गडद होतो. आदल्या रात्री पट्ट्या करून ठेवा.

नुसता शुद्ध रंग मोजू नका. प्रत्येक रंगात पांढरा घालून एक फिकी पट्टीही करा, तोलून, डोळ्याने नाही. शुद्ध रंगात तळाला २ टक्के असतात तिथे मशीनसुद्धा फार विश्वासाने बोलत नाही. पांढरा घातला की तोच खड्डा २० टक्क्यांवर येतो आणि तिथे सगळं स्वच्छ दिसतं. शुद्ध आणि फिकी दोन्ही असली की शोषण आणि विखुरणं वेगवेगळं काढता येतं, एकच गुणोत्तर घेऊन बसायची गरज नाही.

दुपारच्या सुरुवातीला मशीन चालू करून जरा तापू द्या, मग पांढऱ्या टाइलवर आणि काळ्या ट्रॅपवर (प्रकाश गिळणारी काळी डबी) कॅलिब्रेट करा. ती टाइल बोटाने धरू नका. एकदा आमच्याकडे मी घाईत अंगठा टेकवला होता, टाइलच्या मधोमध बोटाचा तेलकट ठसा, आणि त्या दिवशीचं प्रत्येक वाचन जरा जास्त येत राहिलं, कारण मशीनला वाटलं तो मळका पांढराच खरा पांढरा. संध्याकाळी एका जुन्या पट्टीशी ताडून बघितलं तेव्हा कळलं. आख्खा दिवस परत. तेव्हापासून रोज सुरुवातीला, मधे आणि शेवटी तीच एक हिरवी टाइल मोजते, ती हलली नाही तरच बाकीचं खरं.

प्रत्येक पट्टीवर तीन वेगवेगळ्या जागी मोजा आणि तिन्ही लिहून ठेवा, सरासरी नंतर काढा. ४८ शुद्ध, ४८ फिके, तीन-तीन जागा, म्हणजे २८८ वाचनं. एका वाचनाला काही सेकंद. दुपारीत होतं, वहीत नावं लिहायला मात्र कुणीतरी बरोबर न्या.

आणि मशीनमध्ये एम०, एम१, एम२ असे मोजायच्या प्रकाशाचे पर्याय असतील तर तुमच्या रंगांसाठी एम२ ठेवा, त्यात अतिनील कापलेलं असतं. आणि जे ठेवाल ते सगळ्यांना तेच ठेवा, मधे बदलू नका.

उगाचच:

एवढं सगळं करून शेवटी स्क्रीनवर आरजीबीच दाखवायचंय ना? मग ६५० च्या पुढचं मोजताच कशाला? ५५५ ला डोळ्याची संवेदनशीलता १ धरली तर ७०० ला ती ०.००४. तिथे कर्व्ह आकाशात गेला काय, जमिनीत गेला काय, डोळ्याला ताकास तूर लागणार नाही. लोक ३१ आकड्यांचा उगाच बाऊ करतात.

लोलक:

७०० बद्दल बरोबर, ६५० बद्दल नाही. ६५० ला अजून ०.१०७ आहे आणि साध्या तंतूच्या बल्बमध्ये तिथे ढीगभर प्रकाश असतो. कोबाल्ट ब्लू आणि थॅलो ब्लू घ्या. पांढरा घालून दोन्ही दिवसाच्या उजेडात सारखे दिसतील असे जवळ आणता येतात. पण कोबाल्ट ५४० ते ६४० मध्ये खड्ड्यात असतो आणि मग ६५० च्या पुढे झपकन वर येतो. थॅलो तिथेही खालीच झोपलेला. बल्बखाली कोबाल्ट जांभळट होतो, थॅलो हिरवटाकडे झुकतो. आणि कॅमेऱ्याला हे कळणं अवघड, कारण सेन्सरपुढचा अवरक्त कापणारा फिल्टर ६५० च्या पुढे उतरायला लागतो आणि ७०० पाशी जवळजवळ बंदच. म्हणजे जिथे हे दोघं वेगळे आहेत तिथेच कॅमेरा डोळा मिटून घेतो.

हाच तो मेटॅमेरिझम, एका दिव्याखाली दोन रंग सारखे, दुसऱ्याखाली वेगळे. विशेझकी नावाच्या रंगशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडलं होतं की कर्व्हचे दोन तुकडे करा, एक जो डोळ्याला दिसतो आणि दुसरा जो डोळ्याला शून्य दिसतो. हा दुसरा तुकडा म्हणजे मेटॅमेरिक ब्लॅक. तो हवा तेवढा मिसळा, त्या दिव्याखाली रंग तोच. दिवा बदलला की मात्र तो काळा तुकडा काळा राहत नाही.

काजळी:

इथे कुणी अजून स्वस्तातल्या जुगाडाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. कॅमेऱ्याचे तीन आकडे कमी पडतात ना, मग दिवे बदला की. अरुंद रंगाचे एलईडी घ्या, एकेक निळा, आकाशी, हिरवा, पिवळट, नारिंगी, लाल, गडद लाल, एकेक एलईडी साधारण २०-३० नॅनोमीटर रुंद असतो. अंधार करून एकेक लावा आणि फोटो काढा. सात दिवे म्हणजे सात जवळजवळ स्वतंत्र आकडे, आणि ६६० चा गडद लाल एलईडी लावलात तर वर म्हणतात तो कोबाल्टही पकडला जाईल, कारण तिथे तुम्ही स्वतः भरपूर प्रकाश ओतताय. फिल्टर अर्धा मिटला असला तरी एक्स्पोजर वाढवून भागतं.

नुसते पांढऱ्या एलईडीखाली एक फोटो आणि बल्बखाली एक असे सहा आकडे घेऊन काही फार होत नाही, मी करून बघितलंय. ते सहा एकमेकांचे चुलतभाऊ निघतात, एक कळला की दुसरा जवळपास कळतो, आणि मॅट्रिक्स उलटवताना नॉइज फुगून बसतो. पांढऱ्या एलईडीत ४५० ला उंच टोक आणि मग ४८० च्या आसपास खड्डा असतो. जिथे दिवाच नाही तिथली माहिती कुठून आणणार?

दुसरा जुगाड, एएस७३४१ ही प्रकाश मोजणारी चिप. दृश्य प्रकाशात आठ चॅनल, ४१५ पासून ६८० पर्यंत. एक छोटी काळी नळी करायची, ४५ अंशांत एक दिवा, आणि चिप सरळ पट्टीकडे तोंड करून. पांढऱ्या टेपने भागायचं. मशीनचं काम ती करणार नाही पण मशीनवर मोजलेल्या ९६ पट्ट्यांवर शिकवलीत तर पुढे नवीन ट्यूब आली की लॅबमध्ये पळावं लागणार नाही.

डीव्हीडीचा तुकडा लावून स्पेक्ट्रोमीटर करायच्या मागे मात्र लागू नका. म्हणजे करा, मजा येते, ०.७४ मायक्रॉन अंतरावर रेघा असल्यामुळे रंग छान पसरतात आणि सीएफएलच्या ४३६ आणि ५४६ च्या रेषांवर तरंगलांबीही बसवता येते. पण फाकलेला भरकटलेला प्रकाश इतका असतो की तुमचे तळाचे २ टक्के त्यात बुडून जातील.

निळी_शाई:

आलो परत. दुपार झाली, बहिणीला वही घेऊन बरोबर नेलं, २८८ पैकी २७० वाचनं झाली, शेवटचे सहा फिके रंग राहिले कारण लॅब बंद करायची वेळ झाली. हिरवी टाइल तीनदा मोजली, हलली नाही, पाटीपेन्सिल ह्यांना दंडवत.

आधी थॅलो ब्लू. मशीन चकाकी सोडून वाचतंय, तळ ०.०२ ते ०.०३, अगदी सपाट, ५९० पासून ७०० पर्यंत रेघ पट्टीने ओढल्यासारखी. माझ्या जुन्या मॅट्रिक्सने तिथे उणे ०.०५ दिलं होतं. फिक्या पट्टीतून काढलेले शोषणाचे आकडे वापरले आणि पिवळ्यात मिसळून प्रोग्राममध्ये बघितलं, मग खरंच तेवढं तोलून कागदावर मिसळलं. शेजारी धरलं. हिरवा! जरासा खऱ्यापेक्षा गडद आहे, पण हिरवा.

आणि त्या कोबाल्टचं मी रात्री करून बघितलं. एका कार्डावर कोबाल्ट आणि थॅलो, दोन्हीत पांढरा घालत घालत, खिडकीशी बसून चार तास खर्च केले, थॅलोत किंचित जांभळाही घालावा लागला, तेव्हा कुठे दोन चौकोनांमधली रेघ दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यात दोघांचे आकडे जवळजवळ एकच. मग दिवे घालवून जुना तंतूचा बल्ब लावला आणि कार्ड त्याच्याखाली धरलं. रेघ परत आली. डावा चौकोन जांभळाकडे सरकला, उजवा तिथेच. मी कार्ड खिडकीशी नेलं, बल्बखाली आणलं, असं आठ-दहा वेळा केलं, घरचे विचारतायत काय चाललंय.

आता कॅमेरा फक्त तपासणीला ठेवणार, शिकवायला मशीनचेच कर्व्ह. काजळी, ती चिप मागवतोय.

एक अडलंय मात्र. एक निऑन गुलाबी आहे, त्याचं वाचन ६१० च्या आसपास १.२ च्या वर येतंय. तिन्ही जागी. मशीन बिघडलं का मी काहीतरी चुकलो?

पाटीपेन्सिल:

मशीन ठीक आहे. तो रंग हिरवा-पिवळा प्रकाश खातो आणि त्यातला बराचसा लालमध्ये बाहेर टाकतो, म्हणून तिथे आलेल्यापेक्षा जास्त परत गेल्यासारखं दिसतं.

लोलक:

हो, आणि म्हणून तो आकडा रिफ्लेक्टन्स नाहीच. हातातली बहुतेक मशीनं पट्टीवर सगळा पांढरा प्रकाश एकदम टाकतात आणि परत आलेला उजेड नंतर तरंगलांबीप्रमाणे फोडतात, त्यामुळे निघालेला लाल लालमध्येच मोजला जातो. उलट मशीन, म्हणजे आधी प्रकाश फोडून एकेक तरंगलांबी पट्टीवर टाकणारं असतं, तर तोच जास्तीचा लाल हिरव्याच्या खात्यात जमा झाला असता आणि कर्व्ह अगदी वेगळा दिसला असता. त्यातून दिवा बदलला की १.२ चं १.१ होईल. कुबेल्का-मुंकमध्ये त्याला जागा नाही, आर १ च्या वर गेला की सूत्र परत के बाय एस अधिकच देतं आणि तुमचा प्रोग्राम मुकाट्याने चमकत्या गुलाबीला जरा मळका समजून पुढे जाईल, एररही येणार नाही. ती ट्यूब यादीतून काढा.

निळी_शाई:

काढली. ४७ राहिल्या. आता ते राहिलेले सहा फिके मोजायला मित्राला परत गळ घालतो.